अलिज

लीथ बंदराच्या तळघरात
डूगल्ड पिंपात काठी सोडतो,
ओली खूण नखाने धरतो
आणि वहीत मांडतो
दारू नाही तिथलं माप.
त्या रिकामपणाला इंग्रजीत नाव आहे:
अलिज.

मुळात लॅटिनमधला डोळा.
फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून येताना
पिंपाचं भोक झाला.
आपले डोळे भरून येतात,
त्यांची पिंपं डोळ्यापर्यंत भरत.
मग कुठल्याशा गोदीत अर्थ गळला
आणि शब्दात राहिलं
ते न भरलेलंच.

आरमारात कुचकामी खलाशालाही अलिज म्हणत.
डूगल्डला म्हणाले, अठरा महिने.
हे तो सांगत नाही.
फक्त बूच ठोकण्याआधी
एक डोळा मिटून आत बघतो,
आणि आतून कोणी
तेवढ्याच अंतरावरून
त्याच्याकडे.