एकास एकशे वीस

खोली तीन मीटर दहा, रुंदी दोन चाळीस.
पलंग हलत नाही; त्याचा एक पाय
रेडिएटरच्या नळीला कायमचा खेटून बसलाय.
दार आत उघडतं.
उरेल तेवढ्यात श्टाइनरोडे स्टेशन बसवायचं.

पहिल्या रात्री चौकटीच्या कागदावर
मी सगळंच मांडलं: सात रूळ, मालधक्का,
पाण्याची टाकी, दोन्ही टोकांचे सांधे,
सिग्नलच्या ताराही, पेन्सिलीनं, पुसट.
बेरीज केली. साडेपाच मीटर.
म्हणजे स्टेशनाचं पूर्वेकडचं टोक
शेजारच्या त्शोकेंच्या न्हाणीघरात.

अंथरूण पाहून रूळ पसरावेत, दुसरं काय.
मग कात्री.
एक सेंटिमीटर कापला
की एक मीटर वीस जमीन जाते.
बटाट्यांची शेड गेली. शाळेकडचा पूल गेला.
चौथा, पाचवा, सहावा रूळ. त्यांच्यावर
कोळशाचे डबे हिवाळाभर उभे असायचे,
मी नंबरावरून ओळखायचे एकेकाला.
सातव्यासाठी जरा भांडले स्वतःशी.
गेला.

त्शोके म्हणतात, इर्महिल्ड, गोल फिरव की,
पलंगाला वेढा घाल, दाराशी उचलता पूल कर,
गाडी सोडायची आणि कॉफी पीत बसायचं.
बसतंही. वळणाची त्रिज्या एकतीस सेंटिमीटर पुरे.
पण रात्री दोनला मला उठावं लागतं,
आणि झोपेच्या भरात मी आयुष्यात एकदाच
चुकीचा सिग्नल ओढला होता;
त्याचा खुलासा तीन पानं झाला.

शिवाय गोल फिरणारी गाडी मी पाहिलीच नाही कधी.
एकतीस वर्षं लाल टोपी घालून उभी होते.
गाडी यायची. मी हात वर करायचे. जायची.
बीचच्या झाडांमागे वळण होतं, तिथे
शेवटच्या डब्याचे दोन दिवे
कुणी फुंकर मारल्यासारखे जायचे.
मी पुढच्या स्टेशनाला फोन करायचे: निघाली.
तिकडून: कळलं.
पुढचं गाव मला तेवढंच ठाऊक.

आता तिथे सायकलींची वाट आहे.
फार सुंदर आहे म्हणतात.

तर डावी भिंत. सव्वा मीटर उंचीवर फळी.
उशी दुसऱ्या टोकाला नेली,
म्हणजे मालगाडी पडलीच तर पायांवर पडेल.
खिडकीपाशी रूळ संपतात, तिथे दोन लाकडी अडसर.
उलट्या टोकाला बीचची झाडं, त्यांच्या मागे कपाट.
कपाटाच्या कुशीत मी परवा भोक पाडलं.
करवतीचं एक पातं मोडलं,
भुसा लोकरीच्या कोटाच्या खिशात गेला.
गाडी वळते, झाडांआड होते
आणि कोटांमध्ये शिरते.
आत चार रूळ, अंधार, डांबरगोळ्यांचा वास.
जगाचा उरलेला भाग तिथे.

आराखड्यात एक गोष्ट आली नव्हती.
गेलेली गाडी आपली आपण परत येत नाही.
दर खेपेला उठायचं, कपाट उघडायचं,
कोटांच्या बाह्या सारायच्या,
इंजिन चिमटीत धरून दुसऱ्या टोकाला जोडायचं.
म्हणजे पुढच्या स्टेशनावरही मीच.
काल जोडता जोडता तोंडून निघून गेलं:
कळलं.
मग बराच वेळ उघड्या कपाटासमोर.

माणसांचं पाकीट आलंय टपालानं, सहा नग.
टोपीवाले दोन, दोघेही पुरुष.
एकाची टोपी लाल केली, खांद्यावर वेणी काढली
तीन केसांच्या कुंचल्यानं, श्वास रोखून.
उंची चौदा मिलिमीटर.
सिग्नलच्या खोलीत उभी केली. नीट दिसली.
फलाटावर ठेवली. तिथेही नीट.
मग छप्पर काढून दुसऱ्या वर्गाच्या डब्यात,
खिडकीशी.
पाय थोडे कापावे लागतील.

गोंदाची बाटली उघडी आहे. वाळतेय.