पाव प्याद्याची खिडकी

हार्लिंगेनच्या बंदरामागे, उतरत्या छपराखाली
येल्त्येचं यंत्र स्वतःशीच बुद्धिबळ खेळतं आहे.
पंखा घुरघुरतो. रात्रीचे दोन.
उद्या लायडनला स्पर्धा, आणि ती
गेल्या वर्षी हरलेला एक डाव पुन्हा मांडून बसली आहे.

नियम तिचाच, एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला:
सगळं झाड चढायचं नाही.
आधीच्या खोलीवर जो आकडा हाती आला
त्याच्या पाव प्यादं वर, पाव प्यादं खाली,
एवढीच खिडकी किलकिली ठेवायची.
उत्तर तिच्यातून दिसलं, तर निम्म्या वेळात काम.
हा आळस नव्हे. अंदाजपंचेही नव्हे.
काल जे खरं होतं ते आज फार हललं नसेल,
इतकाच भरवसा.

बहुतेक रात्री तो टिकतो.

रविवारी शेर्पला फोन करतानाही ती हेच करते.
भाऊ समोरच्या बेटावर, बायको गेल्यापासून एकटा.
'जेवलास?' 'हो.'
'वारा?' 'आहे.'
'गुडघा?' 'तसाच.'
चार मिनिटांत आकडा जुळतो, फोन ठेवता येतो.

चौदाव्या खोलीवर पडद्यावरची ओळ लाल होते.
उत्तर खिडकीच्या खालून निसटलं.
किती खाली, ते यंत्राला ठाऊक नाही.
त्याला एवढंच म्हणता येतं:
तू धरलं होतंस, त्याहून कमी.
घोडा गेला, की डावच गेला, की नुसतं एक प्यादं,
या फटीतून दिसत नाही.

फट दुप्पट. तरी खालीच.
पुन्हा दुप्पट. तरी खालीच.
मग ती दोन्ही कवाडं सताड उघडते
आणि यंत्र मुळापासून चढू लागतं,
न बघता छाटलेल्या फांद्यांवरूनसुद्धा.

याला वेळ लागतो. कॉफीवर साय धरते.
मागच्या रविवारी 'तसाच' म्हणायच्या आधी
शेर्प जरा थांबला होता.
ते थांबणं तिने मोजलं नव्हतं.

तीन वाजून दहा. उणे सहा.
कोपऱ्यातलं एक मुकाट प्यादं,
सात चालींनी वजीर होणारं.
दिसायला तिथेच तर होतं.

बेटाची पहिली बोट सकाळी लवकर सुटते.
लायडन बरोबर उलट्या दिशेला.
येल्त्ये यंत्र चालूच ठेवते, कोट शोधते.
शेर्पला काय विचारायचं
हे तिने अजून ठरवलेलं नाही.