आतून बोट लावू नये

कॅरव्हॅनपुढचा तंबू गवतावर पसरला
तर घडीतून निघाली
चौकटची दुर्री.
तिच्यावाचून आम्ही सात उन्हाळे खेळलो होतो
आणि एकमेकांवर चोरीचा आळ घेतला होता.
क्राइनने उचलली, बाहीला पुसली, खिशात घातली.
बोलला नाही.

तसा अकरा वर्षं बोलतच नाही,
आईचं घर विकून पैसे मोजले त्या दुपारपासून.
परवाचा फोनही हवामान खात्यासारखा :
शनिवारी येतो. दोरा आणतो. मेण तुझ्याकडे असेल.

मेण होतं.

जाडजूड सुती कापड, ओल्या गाईसारखं जड.
छताची मधली शिवण हातभर उसवलेली,
कडेला बुरशीचे काळे ठिपके.
मऊ ब्रशने घासले, साबण लावला नाही.
साबण लावलास की कापड पाणी प्यायला शिकतं,
वडील म्हणत.
ते व्लिसिंगेनच्या बंदरात शिडं शिवायचे,
आमच्या मोज्यांनासुद्धा शिडाचे टाके असत,
टाचेला टोचायचे.

असलं कापड एकट्याने शिवता येत नाही.
एकाने बाहेर बसायचं, एकाने आत,
मध्ये कापड ताणून.
मी दाभण खुपसते, पलीकडून तो ओढतो.
तो खुपसतो, टोक माझ्याकडे येतं,
नेमकं कुठून येईल ते आधी कळत नाही.
एकदा बोटात गेलं.
"लागलं?" कापड म्हणालं.
"नाही."

पलीकडच्या प्लॉटवरची हुबेर्टिना
बिस्किटांचा डबा घेऊन आली, जरा थबकली :
आत कोण आहे गं?
"माझा भाऊ," मी म्हटलं.
"माझी बहीण," त्याच क्षणी आतून.
ती डबा ठेवून गेली.
समुद्र बांधापलीकडे होता, दिसत नव्हता,
नुसता वाळू सरकवत बसलेला.

एकशे बारा टाके. मी मोजत होते.
तोही मोजत असणार, कारण साठाव्याला
दोघं एकदमच थांबलो
दोऱ्याला मेण लावायला.

मग ते डब्यातलं पाणीरोधक, दुधासारखं,
वास मात्र रॉकेलच्या चुलत भावाचा.
पहिला हात उभा. वाळू दिला.
दुसरा हात आडवा.
शिवणीवर तिसरा, बोटाने चोळून,
त्याच्या बोटाने, माझं चिरलेलं होतं.

संध्याकाळी तंबू उभा केला, आणि पाऊस आलाच;
या किनाऱ्यावर त्याला बोलवावं लागत नाही.
नव्या टाक्यांतून पाणी झिरपलं.
"गळतंय," मी म्हटलं.
"पहिल्यांदा गळणारच. दोरा भिजून फुगेल,
आपलं भोक आपणच बुजवेल. थांब जरा."
थांबलो. पातेल्यात टप्. मग बऱ्याच वेळाने टप्.
मग कान देऊनही काही नाही.

सात वर्षांचा होता तेव्हा
ओल्या छताला लटकलेला थेंब त्याला हवा होता.
आतून बोट लावलं.
बोट लावलं तिथून पाणी वाट काढतं;
रात्रभर माझ्या उशीवर धार.
वडिलांनी त्याला पातेलं धरून उभा केला,
आणि मी, पाच वर्षांची,
झोपल्याचं सोंग घेऊन बघत राहिले.
म्हणायला हवं होतं, बसू दे त्याला.
म्हटलं नाही.

आता त्याच्या डोक्यावर तसाच एक थेंब.
त्याने हात वर नेला. वीतभर अलीकडे थांबला.
बोटाचं पेर मेणाने पिवळं.
मी याही वेळी काही म्हटलं नाही.

हात खाली आला, खिशात गेला,
दुर्री टेबलावर पडली.
उरलेली एक्कावन्न पानं अजून चमच्यांच्या खणात होती,
रबर सडून त्यांना चिकटलेलं.

वर थेंब फुगला, थरथरला,
पडला नाही.

"पिस, नेल्त्ये," तो म्हणाला.
"आणि या वेळी नीट मोज."