पावनेपाच

हर्णैच्या बंदरात मी संध्याकाळचे आकडे लिहितो.
टोपली कुणाची, बोली किती, कुणी घेतली.
वहीला खवले चिकटतात, पान उलटताना सुटतात.

हल्ली मागच्या पुठ्ठ्यावर दुसरेच आकडे आहेत:
सत्त्याऐंशी. एकेचाळीस. बारा.
पावश्यांची निशिगंधा, जेट्टीमागच्या घरातली,
तिचं गाणं कुठल्या कुठल्या देशांच्या यादीत
दर शुक्रवारी खाली येतंय.

“खाली म्हंजे?” जनाक्का म्हणाली,
“माल पडून राह्यला काय पोरीचा?”
नाही गं, तिथं उलटं असतं,
आकडा जितका लहान, तितका भाव मोठा.
मिश्रीचं बोट दातांवर थांबलं तिचं.
“मग एकाच्या खाली काय?”
मला सांगता आलं नाही.

त्या गाण्यात जनाक्का आहे. चार सेकंद.
मे महिन्यात निशी आली होती,
सुरमईच्या ढिगापाशी फोन धरून उभी.
आम्हाला वाटलं, फोटो काढते.
साडेचार, साडेचार, साडेचार,
मग एक श्वासभर काहीच नाही,
आणि पावनेपाच! की ढोल कोसळतो.
ओस्लोत पोरं नेमकी तिथं उडी मारतात म्हणे.
‘ण’ त्यांनाही जमत नाही,
आपल्यासारखंच पावनेपाच म्हणतात.

बर्फाच्या कारखान्यावरचा अश्फाक
गाण्याखालची बारीक अक्षरं वाचत होता.
ढोल कुणाचा, गिटार कुणाची, मिक्सिंग बर्लिनला.
आवाज: बंदरावरची अनोळखी बाई.
हे त्यानं मनातच वाचलं, आणि फोन माझ्यापुढे धरला.

जिच्या ओसरीवर ती पोर
भाकरीतला कडक पापुद्रा आधी मागून घ्यायची,
ती विचारत होती, “माझा नाव आलाय काय रे?”
आलंय, मी म्हटलं.
“काय लिवलंय? चोगले?”
चोगले.
“माहेरचा लावायला होवा होता,” म्हणाली,
आणि पदर खोचून उठली.

या शुक्रवारी नऊ.

आज पापलेट होतं, रत्नागिरीचे दोन व्यापारी अडून बसलेले.
जनाक्का साडेचारवर आली,
तीनदा म्हणाली,
आणि गप्प झाली.
एकाला वाटलं, माल सुटला. त्यानं खिशात हात घातला.
दुसरा माझ्याकडे बघू लागला.
मी पेन उचलून धरलेलं,
ढोलाची वाट बघत.