हात लावणाऱ्याचा वाटा

बेचाळीस मीटर उंच काचेच्या खोक्यात बसून
मी एका पाळीत दोनशे कंटेनर उचलतो.
उचलतो म्हणजे अंगठा आणि दोन बोटं.
बाकीचा मी, ब्याण्णव किलो,
खुर्चीत ठेवलेला असतो
चुकीच्या बंदरात उतरवलेल्या मालासारखा.

सोहारच्या क्लिनिकात मारिविक सिस्टर म्हणाली, साडेआठ.
काम थांबवायच्या आधी
आम्ही वाऱ्याचा वेग सांगतो ना, त्या आवाजात.

खोलीतल्या अन्सार काझीने फोनवर यादी दाखवली:
आदिमानवासारखं खा.
धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर तर नाहीच.
मासे, मटण, अंडी, कंद, पाला.
आणि जिममध्ये जाऊ नको; रांग, चढ, धोंडे उचल,
अनवाणी चाल, उकिडवा बस.

मेसमधला सजीवन भात वाढायला वाकला
तो वाकलेलाच राहिला. "वेंडे? वेंडे?"
वेंगुर्ल्याच्या माणसाने भात सोडणं
म्हणजे मेरेने कुणगा सोडून जाणं.
नऊ रात्री स्वप्नात पेज उतू गेली.
हेमांगी फोनवर विचारते, जेवलास?
आमच्याकडे भात म्हणजे जेवण,
बाकी सगळं नुसतं खाणं.
जेवलो, म्हणायचो. खोटं.

सुट्टीच्या पहाटे समुद्रावर जाऊन
मी आदिमानव होऊ लागलो.
रांगलो. एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.
उकिडवा बसलो की टाचा सुटत
आणि मी मागे कलंडे, उलट्या होडीसारखा.
याच गुडघ्यांवर मी गोट्यांचे डावच्या डाव काढलेत.
कुठल्या फॉर्मवर सही करताना
हेही देऊन टाकलं, आठवत नाही.

तिथे खलफान होता.
सत्तरी उलटलेला, वाळूत उकिडवा, गुडघे कानांशी,
पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळं सांधत.
मला वाटलं, हाच तो. यादीतला.
दहा हजार वर्षं इथून उठलाच नाहीये.

मग त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.
माझीच कंपनी, माझीच पाचशेची.
"सुक्कर," म्हणाला, आणि हनुवटीने
दोन पिकअप गाड्या दाखवल्या:
वीस माणसं ओढायची ते जाळं आता त्या ओढतात.
मी बंदराकडे बोट केलं, माझ्या क्रेनकडे.
बराच वेळ हसत होतो आम्ही.

पुढच्या शुक्रवारी एक गाडी वाळूत रुतली.
चाकं गरगरत खोल जाताहेत,
जाळं पाण्यात, तारले जाळ्यात,
आणि पाण्याला ओढ.
खलफानने हाक मारली ती अरबीत,
मला ऐकू आली ती मालवणीत:
रापणीक हात लाव रे!

दोर कमरेशी घेतला.
त्याचे दोन नातू, चितगावचा नूरुल, मी,
आणि रस्त्यावरून धावत आलेला एक टॅक्सीवाला.
ओणवे, मागे रेलून, टाचा रोवून,
पाऊल पाऊल उलटे.
मध्येच कधी उकिडवा बसलो, कधी उठलो,
बघायला मी तिथे नव्हतोच.

रापणीला हात लावील त्याला वाटा,
हा आमच्या किनाऱ्याचा कायदा.
इथे कुणी सांगितला नव्हता
तरी खलफानने पिशवीत मोजता न येतील इतके तारले भरले,
वर मूठभर खजूर.
खजूर यादीत नव्हते.
एक खाल्ला. त्यानेही एकच खाल्ला,
बाकीचे नातवांकडे गेले.

रात्री निखाऱ्यावर तारले, मीठ, लिंबू.
अन्सारने काटे चोखता चोखता यादी परत वाचायला घेतली,
पण हात तेलकट, फोन उघडेना.
जेवलास?
जेवलो, म्हटलं.
ती थोडी थांबली. "आज काय होतं?"

सकाळी तळहातावर चार फोड.
वर चढलो, काठी धरली, पहिला कंटेनर उचलला.
वीस टन. आत टायर होते की फ्रिज, ठाऊक नाही,
पण हाताला लागला.
चौदा तारखेला रक्त द्यायचंय.