बॅटरी धरणारा

विश्राममामाच्या खांद्यावर
भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत निळा डाग असायचा,
एक फिका पडेस्तोवर दुसरा.
इंदूमामी भिरंडेल वितळवून चोळायची
आणि म्हणायची, "डुकर रवलो बाजूक,
तुमीच मरतल्यात एक दिस."

तीनशे पंधरा बोअरची रायफल. परवान्यावर शिक्का: शेतीसंरक्षण.
पण खरं सांगायचं तर खांदा बंदुकीच्या आधीच गेला होता.
काजूवरून पडला तेव्हा गळ्याखालचं हाड वाकडंच सांधलं,
आणि दस्ता नेमका त्याच गाठीवर बसायचा.
म्हणून चाप ओढायच्या आधीच
मामा डोळे मिटायचा.
मला दिसायचं ते. बॅटरी धरायला मीच असायचो.
कुणाला सांगितलं नाही.
सकाळी भुईमुगाचे वाफे
नांगर फिरल्यासारखे.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर पास्कू मोंतेरचं लेथ.
ट्रॉलरचे शाफ्ट, पंख्यांचे बुश,
कुणाच्यातरी स्कूटरचा तुटका स्टँड.
घोंगडीतून रायफल काढली तर दोन पावलं मागे सरला.
"लायसनाची वस्तू. नळयेवर आटे पाडूक माझो हात नाय."
मग आठवड्याने एक कडं दिलं, तोंडावर आवळायचं,
दोन बोल्टांचं, हवं तेव्हा काढता येणारं.
दोन्ही कुशींना भोकं,
सुरमईच्या कल्ल्यांसारखी तिरकी.
चुरा उडवायला त्यात फुंकर घातली
ती माझ्या गालावर आली.
"धक्को खंय जावचो नाय," पास्कू म्हणाला,
"फकत वाट बदलतलो."
आम्ही पैसे दिले, सोडा प्यायलो,
मामाच्या एम-एटीवरून मोचेमाडला परतलो.
वाक्य तिथेच राहिलं, लोखंडाच्या किसात.

त्रयोदशीची रात्र. खाडी उतरलेली.
कळप बांधावरून आला, पाच की सहा.
मी नेहमीसारखा मामाच्या डावीकडे,
हातभर अंतरावर.
बटण दाबलं. दोन डोळे पेटले.
या वेळी मामाने डोळे मिटले नाहीत.
हेही मलाच दिसलं.

आवाज म्हणावा असं काही झालं नाही.
कुणीतरी माझ्या उजव्या कानात दार आपटलं
आणि ते आतून लागलं.
पानं उठली, तोंडात माती,
बॅटरी वाफ्यात पडून
आपल्याच उजेडात लोळत राहिली.
मामाचे ओठ हलत होते. ओठांवरून वाचलं:
"दुखला नाय! आवशीक खाव, कायेक दुखला नाय!"
हसत होता. बंदूक हातात असताना
त्याला हसलेला मी कधी पाहिला नव्हता.

डुक्कर एक पडलं. पंचनामा झाला, सह्या झाल्या.
मामाचा खांदा मामाच्याच रंगाचा झाला,
भिरंडेल वाटीत थिजून गेलं.
माझ्या कानात एक रातकिडा राहायला आला आहे,
दिवसाही बोलतो.
डॉक्टर म्हणाला, पडदा शाबूत आहे, आतलं सांगता येत नाही.
पुळणीवर उभा राहिलो की गाज
डावीकडूनच येते,
जणू सगळा समुद्र शिरोड्याकडे सरकलाय.

मी काही बोललो नाही. तरी एकदा मामाच म्हणाला,
"मागे उभो रव रे."
राहिलो. उजेडात त्याचीच सावली वाफ्यांवर पडली,
लांबलचक, बंदुकीसकट,
आणि डुकरं तिलाच भिऊन पळाली.
तसं पाहिलं तर काम झालंच.

मग निवडणूक लागली. बंदूक ठाण्यात जमा.
हवालदाराने पावतीवर नळीचा नंबर लिहिला,
कड्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्येचो नंबर?"
मामाने पान्याने बोल्ट सैल केले
आणि कडं खिशात टाकलं.

ते आता देवळीत असतं.
मामी त्यात उदबत्ती उभी करते.
धूर वर न जाता
आधी दोन्ही कल्ल्यांतून बाजूला सांडतो.
तिन्हीसांजेला ती घंटा वाजवते
आणि मी मान वळवून
डावा कान देवाकडे करतो.