गिचका

नवा तांदूळ आणू नको, गिचका होतो,
आई सांगायची. जुना तांदूळ म्हणजे घराची अब्रू:
शीत न् शीत सुटं,
परातीत सांडलं तर मोजता यावं.
आज मी इतवारीत तीन दुकानं फिरले
नवाच मागत.
तिसऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं,
"काहून बाई, कोणासाठी पेज करून राहिल्या?"
म्हटलं, पार्टी आहे.
त्यानं भंडाऱ्याकडचं पोतं सोडलं
आणि किलोमागे आठ रुपये कमी लावले,
लाजल्यासारखे.

सहाच माणसं. बेझनबागेतली गच्ची,
डिसेंबर, एक शेकोटी पाटीत.
उत्पला गजभिये तीन वर्षांनी परतलीय
सेंदाईच्या एका वृद्धाश्रमातून,
दुसऱ्यांच्या आज्यांना आंघोळी घालून.
फोनवर कामाचं कधी बोलली नाही.
खाण्याचं बोलायची: स्टेशनवरचा तिकोनी भात,
थंडगार काकडी, बियरसोबत शेंगा.
तेवढ्यावरून मी करतेय, न चाखलेलं,
जसा ऐकीव गावाचा रस्ता
कागदावर काढावा.

हात पाण्यात, पाण्यात मीठ.
पहिला गोळाच झाला. दुसरा मोदकाकडे गेला.
तिसऱ्याला ओजस म्हणाला, "मावशी, हा तं समोसा."
चौथ्याला कळलं, कोन तळव्यातच असतो,
बोटं वाकवायची आणि भाताला फिरू द्यायचं.
आत तिकडे आंबट आलुबुखार भरतात म्हणे.
मी सांडगी मिरची तळून चुरली.
वर काळ्या शेवाळाची पट्टी. सदरमध्ये
दहा पानांना साडेचारशे मोजले, म्हणून
कात्रीनं इतक्या बारीक कापल्या
की भात टाय लावून मुलाखतीला निघालाय.

काकडीचं सोपं. मीठ लावून पिळायची,
साखर, व्हिनेगर, भाजलेले तीळ.
आपल्या खमंग काकडीची दूरची बहीण,
ना कूट ना फोडणी,
काही विचारलं तरी बोलत नाही.

शेंगा सोयाबीनच्या हव्या होत्या, हिरव्या.
पण सोयाबीन आमच्याकडे दिवाळीआधीच
कापून, मळून, विकून, पैसे खर्चूनही झालेले.
मग ओल्या तुरीच्या उकडल्या, खडेमीठ घालून.
सोया सॉसमध्ये अर्धं संत्रं पिळलं, वर थोडं लिंबू.
ओजसनं बोट बुडवलं. "चालते."

उत्पलानं दारात चपला काढल्या,
वाकून त्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवली.
आमच्या पाच जोड्या पडल्या होत्या तशाच.
मग एक तिकोन उचलला. चावला. थांबली.
"तिथं असा नसतो लागत."
वासनिक हसला, मी नाही.
तिनं दुसरा उचलला.
मिरची लागली असावी, डोळे पुसले,
आणि तुरीची शेंग दातातून ओढत,
कोणी विचारलं नसताना, म्हणाली,
"कियो नावाची एक होती. ब्याण्णव वर्षांची.
माझ्या हातचाच भात पाहिजे तिला.
मग गिळणं गेलं.
शेवटचे दोन महिने नुसती पेज.
चमच्यानं. एका वाटीला एक तास."

खाली कुठेतरी स्कूटर सुरू होत नव्हती.
ओजसनं शेकोटीत एक काडी सरकवली.

"तिच्या पोराले वाटे, मी फिलिपिन्सची आहो,"
उत्पला म्हणाली, आणि आता तीच हसली.

माझा एक भात ताटातच फुटला होता,
मिरची बाहेर. बोलता बोलता, न पाहता,
तिनं तो उचलला, ओंजळीत घेतला,
तीनदा फिरवला,
माझ्यापुढे ठेवला, कोनासकट.
तिच्या हाताला एकही शीत नव्हतं.